मेडिकल इंजिनिअरिंगमध्ये मास्टर्स, पण जीवशास्त्र शाळेतच सुटलंय

सर्किटवाला:
इलेक्ट्रॉनिक्सची पदवी, मग तीन वर्षं नोकरी. आता मेडिकल इंजिनिअरिंगच्या मास्टर्सला प्रवेश मिळालाय. हृदयाला कप्पे किती, हे परवा शोधून पाहावं लागलं (चार). वर्ग सुरू व्हायला दोन महिने आहेत. शरीररचनेचं जाडजूड पुस्तक पाठ करायला घेऊ का? आणि डॉक्टरांसमोर आपण अगदीच अडाणी ठरतो का?

मीटरवाली:
पाठ अजिबात करू नका. मीही इलेक्ट्रॉनिक्सचीच. मला रडवलं ते जीवशास्त्राने नाही, कोरड्या त्वचेने.

पहिल्याच सत्रात ईसीजीचा अ‍ॅम्प्लिफायर करायचा होता. सिग्नल जेमतेम १ मिलिव्होल्ट. त्वचा आणि इलेक्ट्रोड जिथे भेटतात तिथला डीसी व्होल्टेज मात्र शेकडो मिलिव्होल्टपर्यंत जाऊ शकतो, वर विजेचा ५० हर्ट्झचा गुणगुणाट. सिम्युलेशनमध्ये सगळं झकास. मैत्रिणीच्या दोन्ही मनगटांना इलेक्ट्रोड लावले, तर स्क्रीनवर नुसतं गवत! ती हसली की रेघ स्क्रीनबाहेर. त्वचा पुसली, हलकेच घासली, जेल लावलं, उजव्या पायाला तिसरा इलेक्ट्रोड लावून गुणगुणाट उलटा करून शरीरात परत सोडला, तेव्हा कुठे ठोके दिसले.

तरी रेघ डुलायची. म्हणून हाय-पास फिल्टरचा (संथ चढउतार गाळणारा) कटऑफ, म्हणजे ज्याखालचं गाळलं जातं ती मर्यादा, ०.०५ वरून ०.५ हर्ट्झवर नेला. रेघ एकदम सरळ! ऐटीत हृदयरोगतज्ज्ञांना दाखवली. त्यांनी एसटीच्या तुकड्यावर (ठोक्याच्या उंच टोकानंतरचा सपाट भाग; हृदयाला रक्त कमी पडलं की तो खाली जाऊ शकतो) पेन्सिल टेकवली आणि विचारलं, "हिच्या छातीत दुखतंय का?" मैत्रीण ठणठणीत होती. एसटी खाली ओढला होता माझ्या फिल्टरने. नुसते ठोके बघायच्या मॉनिटरला ०.५ चालतं. निदान करायचं तर तेवढ्या फिल्टरने घात होतो.

तेव्हा दोन महिन्यांत एकच अवयव धरा. हृदयात ठिणगी कुठे पडते, एव्ही नोडपाशी (वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधला विजेचा थांबा) ती का रेंगाळते, ईसीजीतल्या पी, क्यूआरएस आणि टी या लाटा कशाकशाने उमटतात, एवढं नीट कळलं तरी पुरे. अडाणी म्हणाल तर हो, त्या दिवशी ठरले. पण फेज बिघडल्याने, म्हणजे फिल्टरमुळे सिग्नलचे भाग वेळेत मागेपुढे सरकल्याने, असं होतं हे डॉक्टरांना मी सांगितलं, आणि पुढचा अर्धा तास प्रश्न तेच विचारत होते.

वॉर्डातला तंत्रज्ञ:
वरचं पटलं. भर एवढीच, की आयईसी ६०६०१ हे वैद्यकीय विद्युत उपकरणांच्या सुरक्षिततेचं मानक आतापासून चाळा. विद्यार्थी ते परीक्षेपुरतं वाचतात, मग प्रोजेक्टचं डिझाइन शेवटच्या महिन्यात मोडून पुन्हा करतात. थेट हृदयाशी जोडायच्या भागातून रुग्णाकडे जाणारी विजेची गळती सामान्य स्थितीत १० मायक्रोअँपिअरच्या वर चालत नाही. हा आकडा एकदा डोक्यात बसला की पॉवर सप्लायकडे बघायची नजरच बदलते.

सर्किटवाला:
पुस्तक कपाटात गेलं. इन्स्ट्रुमेंटेशन अ‍ॅम्प्लिफायरची चिप घरात पडून आहे. रविवारी स्वतःवरच जोडून बघतो.

मीटरवाली:
बॅटरीवर चालवा. लॅपटॉपला जोडणार असाल तर त्याचा चार्जर आधी काढा. तंत्रज्ञसाहेबांचा आकडा वाचलात ना?