आजारी आईची सेवा करताना प्रार्थना कोरडी पडली आहे. रोजचे बळ कोठून मिळवावे?

प्रश्न : नगरची लेक

प्रभू येशूच्या नावात सर्वांना सलाम.

माझी आई अंथरुणाला खिळून आहे. पक्षाघाताच्या झटक्याने तिची उजवी बाजू गेली आणि तिच्याबरोबर वाचाही गेली. समोरच्याचे बोलणे तिला बहुतेक कळते, पण उत्तर द्यायला शब्द सापडत नाहीत, आणि मग ती डाव्या हाताने चादरीची कड घट्ट धरून रडू लागते. मी एका पतसंस्थेत नोकरी करते. पहाटे उठून तिचे अंग पुसायचे, कपडे बदलायचे, पेज भरवायची, दिवसभर थांबणाऱ्या मावशींच्या हवाली तिला करून कामावर जायचे आणि संध्याकाळी परत आल्यावर तेच सारे पुन्हा करायचे, असा क्रम आहे. भाऊ परगावी असतो. तो पैसे पाठवतो आणि मनापासून चौकशीही करतो, परंतु रात्री कूस बदलायला मी एकटीच असते.

आमच्या घरात संध्याकाळची कौटुंबिक प्रार्थना आजीच्या काळापासून कधी चुकली नाही, आणि ती नेहमी आईच घेत असे. आता मी शास्त्र उघडते तेव्हा डोळे ओळींवरून फिरतात, पण मनात काही उतरत नाही. प्रार्थनेला बसले तर दोन वाक्यांपुढे शब्द सुचत नाहीत, नाहीतर झोप लागते. त्यातच एका प्रार्थनासभेत मला सांगण्यात आले की पूर्ण विश्वासाने मागितले असते तर आई एव्हाना चालू लागली असती. त्या वाक्याने मला आजारपणापेक्षाही अधिक थकवले आहे.

आई बरी होईल अशी हमी मला कोणाकडून नको आहे. ज्यांनी असे दिवस काढले आहेत, त्यांनी विश्वासातून रोजचे बळ प्रत्यक्षात कसे मिळवले, एवढेच मला जाणून घ्यायचे आहे.

उत्तर १ : निवृत्त शिक्षक, पुणे

ताई, सलाम. त्या सभेतल्या वाक्याविषयी आधी लिहितो, कारण ते मनातून निघाल्याशिवाय पुढचे काही उपयोगी पडणार नाही. योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणसाला पाहून शिष्य विचारतात की पाप कोणाचे, ह्याचे की ह्याच्या आईबापांचे. आणि प्रभू दोन्ही पर्याय नाकारतो. प्रेषित पौलाने आपल्या शरीरातला काटा, म्हणजे सतत छळणारी एक पीडा, निघावा म्हणून तीनदा विनंती केली आणि तो काटा निघाला नाही. त्याला उत्तर मिळाले ते असे की, माझी कृपा तुला पुरेशी आहे. पौलाचा विश्वास कमी पडला, असे म्हणण्याचे धाडस आपल्यापैकी कोण करील? आजाऱ्याच्या उशाशी बसलेल्या लेकीच्या विश्वासाचे माप काढणे हे प्रभूच्या शिकवणुकीत बसत नाही, आणि हे मी पूर्ण जबाबदारीने लिहीत आहे.

आता आपल्या प्रश्नाकडे वळतो. माझी पत्नी दीर्घ आजारात असताना मला सर्वांत अधिक आधार मिळाला तो तक्रारीच्या स्तोत्रांचा. स्तोत्रसंहिता म्हणजे केवळ स्तुतिगीते, असा आपला समज होऊन बसला आहे, कारण उपासनेत बहुधा तीच निवडली जातात. प्रत्यक्षात त्या ग्रंथात विलापाचा भाग फार मोठा आहे. तेराव्या स्तोत्रात पहिल्या दोन ओव्यांतच ‘कोठवर’ हा प्रश्न देवाला पुन्हा पुन्हा विचारलेला आहे. अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्राच्या शेवटी तर आशेचा किरणही नाही; ते अंधारातच संपते, आणि तरीही मंडळीने, म्हणजे चर्चने, ते पवित्र शास्त्रात जपून ठेवले आहे. ‘मी थकले आहे आणि मला काही ऐकू येत नाही’ एवढेच आपण देवाला म्हणालात, तर ती पूर्ण प्रार्थना आहे. तिच्यापुढे ओढूनताणून स्तुतीचे वाक्य जोडण्याची गरज नाही.

एलियाची कथा आपण लहानपणापासून ऐकली असेल. ती ह्या दिवसांत पुन्हा वाचावी, असे सुचवतो. पहिल्या राजे ह्या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात कर्मेल डोंगरावर विजय मिळवलेला हा संदेष्टा ईजबेल राणीच्या धमकीने रानात पळतो, रतामाच्या झुडपाखाली बसतो आणि आता मरण आले तर बरे, असे देवाला सांगतो. देव त्याला ह्याबद्दल रागावत नाही, त्याच्या विश्वासाची परीक्षा घेत नाही, त्याला उपदेशही करीत नाही. देवदूत येतो तो निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई घेऊन. एलिया खातो आणि पुन्हा झोपतो. देवदूत त्याला झोपू देतो आणि दुसऱ्यांदा जेवायला उठवतो. होरेब पर्वत आणि तिथली ती मंद वाणी हे सारे त्यानंतर येते. प्रार्थनेत आपल्याला झोप लागते, ह्याचे ओझे मनावर घेऊ नका.

आपल्याच भूमीतले एक उदाहरण माझ्या मनात नेहमी असते. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून वाचवलेल्या शेकडो मुलींचा संसार सांभाळत, हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर केले. त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१ मध्ये वारली. तिच्यावरच आश्रमाच्या पुढच्या काळाची सारी आशा होती. त्यानंतर रमाबाईंना एक वर्षही आयुष्य लाभले नाही, आणि त्या काळातही त्यांनी हातचे भाषांतर सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले आणि १९२४ मध्ये ते भाषांतर मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडले. आईबाप आणि बहीण दुष्काळात गमावलेल्या, नंतर पती गमावलेल्या ह्या बाईने दुःख पुसले जाण्याची वाट पाहिली नाही. त्या दिवसाचे पान त्या दिवशी हाती घेतले. मोठ्या लोकांची उदाहरणे कधी कधी आपल्याला अधिकच लहान करतात, हे मी जाणतो. हे उदाहरण मला तसे वाटत नाही, कारण पानापानाने काम करणे आपल्यालाही शक्य असते, आणि आपण आईसाठी रोज तेच करीत आहात.

उत्तर २ : वसईकर

ताई, मी कॅथॉलिक आहे आणि आपल्या मंडळीची रीत वेगळी आहे, म्हणून आपल्याला जे योग्य वाटेल तेवढेच घ्यावे.

माझ्या सासऱ्यांच्या शेवटच्या आजारात माझेही शब्द संपले होते. तेव्हा मला जपमाळेने धरून ठेवले. जपमाळेत स्वतःचे शब्द शोधावे लागत नाहीत. एक मणी, मग दुसरा मणी, ओठांना पाठ असलेली प्रार्थना आणि मनासमोर ख्रिस्ताच्या जीवनातला एक प्रसंग, एवढेच त्यात असते. मंगळवारी आणि शुक्रवारी आम्ही दुःखाची रहस्ये म्हणतो आणि त्यांतले पहिले रहस्य गेथशेमाने बागेतले असते. त्या प्रसंगातली एक गोष्ट मला त्या वर्षी प्रथमच लख्ख दिसली. प्रभू पित्याची प्रार्थना करायला जातो, तरीही पेत्र, याकोब आणि योहान ह्यांना बरोबर घेतो आणि त्यांना स्पष्ट सांगतो की माझा जीव मरणप्राय खिन्न झाला आहे, तुम्ही येथे थांबा आणि जागे राहा. देवाच्या पुत्राने माणसांची सोबत मागितली. ते झोपले, तरी त्याने पुन्हा येऊन त्यांना उठवले.

आपल्या पत्रात मला सर्वांत अधिक खटकले ते ‘मी एकटीच असते’ हे वाक्य. मार्काच्या दुसऱ्या अध्यायात कफर्णहूमच्या घराचे छप्पर उसकटून चौघे जण एका पक्षाघाती माणसाला खाली सोडतात, आणि तिथे स्पष्ट लिहिले आहे की येशूने ‘त्यांचा’ विश्वास पाहिला. बाजेवरच्या माणसाने काय म्हटले, तो काही म्हणाला की नाही, हे मार्क सांगतच नाही. ह्यात आपल्या आईसाठी आणि आपल्यासाठीही मोठे आश्वासन आहे, असे मला मनापासून वाटते. आपली प्रार्थना कोरडी पडली आहे त्या काळात बाजेचे कोपरे दुसऱ्यांनी धरायचे असतात. मंडळी त्यासाठीच असते.

आमच्याकडे गावागावांत दहा-पंधरा घरांचे छोटे समूह असतात. घरात कोणी अंथरुणाला खिळले की समूहातल्या बायका पाळीने बसायला येतात, कोणी कालवण आणून देते, रविवारच्या मिस्सा उपासनेनंतर आजाऱ्यासाठी ख्रिस्तप्रसाद घरी येतो आणि धर्मगुरू आजाऱ्याला पवित्र तेल लावून तैलाभ्यंगाचा विधी करून जातात. सासऱ्यांना तो प्रसाद मिळाला की त्या दिवशी ते शांत झोपत आणि आम्हालाही झोप मिळे. आपल्या पाळकसाहेबांना घरी येऊन आईला प्रभुभोजन देण्याची विनंती अवश्य करा. आपल्या मंडळीत स्त्रीमंडळ असेल, तर आठवड्यातली एक संध्याकाळ कोणी आईजवळ बसावे एवढेच नेमके मागा. ‘काही मदत लागली तर सांगा’ असे म्हणणारे पुष्कळ असतात. त्यांना दिवस आणि वेळ सांगितली की ते खरोखर येतात.

उत्तर ३ : मिरजेची परिचारिका

सलाम, ताई. मी अनेक वर्षे रुग्णालयात परिचारिका म्हणून काम केले आहे आणि पक्षाघाताचे रुग्ण जवळून पाहिले आहेत, म्हणून वरच्या दोघांनी लिहिलेल्यात थोडी भर घालते.

आईची वाचा गेली आहे असे आपण लिहिले, पण त्यांच्यासमोर कधी ओळखीचे गीत गाऊन पाहिले आहे का? मेंदूच्या डाव्या भागाला इजा होऊन शब्द अडतात, तेव्हाही पुष्कळ रुग्णांना जुनी पाठ गाणी आणि वर्षानुवर्षे म्हटलेल्या प्रार्थना म्हणता येतात, कारण सूर आणि पाठांतर ह्यांची वाट मेंदूत काहीशी वेगळी असते. आमच्या वॉर्डात एक वृद्ध बाई होत्या. त्यांना पाणी हवे असले तरी ‘पाणी’ हा शब्द येत नसे. एका संध्याकाळी त्यांच्या सुनेने ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ अशी सुरुवात केली. बाईंनी सुनेच्या तोंडाकडे पाहिले, त्यांचे ओठ हलू लागले आणि ‘आमची रोजची भाकर’ येथपासून पुढचे शब्द त्यांनी अडखळत, पण स्वतःच्या आवाजात म्हटले. सून मध्येच थांबली, तरी त्या ‘आमेन’पर्यंत गेल्या. प्रत्येकाच्या बाबतीत असे होईलच असे नाही आणि ह्यात चमत्काराचा दावाही नाही. पण आपल्या घरची संध्याकाळची प्रार्थना आई घेत असत, तर ते शब्द त्यांच्या आत खोलवर असणार. ‘उपासना संगीत’ ह्या आपल्या गीतांच्या पुस्तकातले त्यांचे आवडते गीत रोज ठरावीक वेळी हळू चालीत म्हणा. त्यांचा डावा हात हातात घेऊन त्यावर हलका ठेका धरा आणि त्यांना पुरेसा वेळ द्या. वाचा-उपचार करणारे तज्ज्ञही सुरांचा असा उपयोग करतात. जिल्हा रुग्णालयात किंवा आपल्या डॉक्टरांकडे त्याची चौकशी करा.

दुसरी गोष्ट आपल्या स्वतःच्या प्रकृतीची आहे. शास्त्र वाचूनही मनात न उतरणे, सतत थकवा आणि बोलण्याची इच्छा न होणे ही आध्यात्मिक उणीवच असेल असे नाही. दीर्घकाळ शुश्रूषा करणाऱ्यांना नैराश्य येते आणि त्यावर उपचार आहेत. हे चित्र बरेच दिवस टिकले असेल, तर डॉक्टरांना स्वतःसाठीही दाखवा. सरकारच्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ ह्या क्रमांकावर मराठीतही बोलता येते. औषध घेणाऱ्याचा विश्वास उणा पडत नाही. लूक, ज्याच्या नावाने तिसरे शुभवर्तमान आहे, त्याला पौल ‘प्रिय वैद्य’ म्हणतो.

पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून रात्री दर दोन तासांनी कूस बदलणे एकटीला फार काळ झेपणार नाही. हवेची गादी भाड्यानेही मिळते. ती आणल्यावर कूस बदलणे चुकत नाही, पण किती वेळाने बदलायचे ह्याविषयी डॉक्टरांना विचारता येते. भाऊ पैसे पाठवतात, तर त्यातून आठवड्यातल्या दोन रात्रींसाठी मदतनीस ठेवा. त्या रात्री आपण झोपावे, हीच माझी विनंती.

नगरची लेक

आपणा सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री मी तेरावे स्तोत्र मोठ्याने वाचले, आणि वाचताना पहिल्यांदाच असे वाटले की हे शब्द मीच लिहिले असते. आईसमोर मी कधी गायले नव्हते, कारण तिला गाता येणार नाही म्हणून वाईट वाटेल अशी मला भीती होती. आज संध्याकाळी गाऊन पाहीन. एक शंका मात्र राहते. मंडळीतल्या बायकांनाही आपापले संसार आहेत. त्यांच्याकडे एक संध्याकाळ मागणे म्हणजे त्यांच्यावर भार टाकणे होत नाही का?

निवृत्त शिक्षक, पुणे

ताई, गलतीकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात पौल एकमेकांची ओझी वाहण्यास सांगतो आणि त्यानेच ख्रिस्ताचा नियम पूर्ण होतो, असे म्हणतो. म्हणजे तुम्ही मागितलेच नाही, तर त्या बायकांना तो नियम पाळायला आपल्या घरी वावच मिळत नाही. निर्गमाच्या सतराव्या अध्यायात लढाई चालू असताना वर उचलून धरलेले मोशेचे हात जड झाले, तेव्हा अहरोन आणि हूर ह्यांनी त्याच्याखाली धोंडा ठेवला, त्याला बसवले आणि सूर्य मावळेपर्यंत दोन्ही बाजूंनी त्याचे हात धरून ठेवले. मोशेने ते धरू दिले.

पाळकसाहेबांशी येत्या रविवारी उपासनेनंतर बोलावे, आणि बोलताना वार ठरवूनच जावे. बुधवारी सहा ते आठ, असे काहीतरी. संकोच वाटत असेल तर चिठ्ठी लिहून द्या. नगरच्या मंडळीत माझे जुने विद्यार्थी आहेत. आपली हरकत नसेल तर मीही त्यांना कळवतो.

नगरची लेक

हरकत नाही, गुरुजी. अवश्य कळवा. मला बुधवारपेक्षा गुरुवार सोयीचा पडेल, कारण त्या दिवशी पतसंस्थेत उशीर होतो आणि मावशींना सहा वाजता निघावे लागते.