वही सोबत हवीच

वर कुणीतरी म्हटलंय की सायकलवर फिरताना वही काढली की रपेटीची मजा जाते, घरी येऊन निवांत लिहावं. मला नाही पटत. घरी लिहायला बसलं की सगळे चढ सारखेच वाटायला लागतात. परवाच्या शनिवार-रविवारी बेळगावहून जांबोटीमार्गे कणकुंबीला गेलो होतो. तिथे मलप्रभेच्या उगमापाशी, माउलीच्या देवळाबाहेर बसून चार ओळी खरडल्या: ओल्या जांभ्या दगडाचा वास, चहावाल्या मावशींचं 'दमलास काय रे?', ब्रेकच्या रबराला चिकटलेला लाल चिखल. यातलं सोमवारी काय आठवलं असतं? फक्त पेन नको, पेन्सिल घ्या. घामाने शाई फुटते, शिसं टिकतं. आणि वही खिशात नको, हँडलच्या पिशवीत ठेवा.