घरचा ग्रुप: गड बघून आले आणि विहीर काढली

८ मे

वहिनी: चार दिवस जायचं पक्कं झालं. पंढरपूर, सातारा, प्रतापगड, रायगड. भुईमूग निघाला, नांगरट झाली, रोहिणी निघायला अजून अवकाश आहे. आता नाही तर दिवाळीपर्यंत नाही.

बापूकाका पुणे: उत्तम. सगळे मिळून पहिल्यांदाच ना?

वहिनी: लग्नाला सतरा वर्षं झाली काका. सगळे मिळून फक्त लग्नांना आणि दहाव्यांना गेलोय.

मी: धारा कोण काढणार?

दादा: तिथंच घोडं अडलंय. शेजारचं पोरगं गाईंचं बघतो म्हणतंय. म्हैस त्याला पान्हवेल का नाही, सांगता येत नाही.

आत्या सोलापूर: सूनबाईची जुनी साडी अंगाभोवती गुंडाळून धारेला बसायला सांगा त्याला. वासानं फसते म्हैस. आमच्या सासूबाई बाहेरगावी जाताना हेच करायच्या.

दादा: सांगितलं. लाजतोय.

१२ मे

छोटी: 📷 📷 📷 लिंब! साताऱ्याच्या जवळ. ही विहीर आहे, राजवाडा नाही 😮

दादा: बारा मोटेची विहीर. शके १६४१ ते १६४६, म्हणजे १७१९ ते १७२४ मध्ये वीरूबाई भोसल्यांनी बांधली. ११० फूट खोल, ५० फूट रुंद. वरून पिंडीसारखी दिसते. पायऱ्या उतरून गेलं की आत खरंच छोटा महाल आहे. दुपारी बारा वाजता तिथं पंख्याची गरज नव्हती. आणि हा सगळा खटाटोप कशासाठी, तर आमराईला पाणी द्यायला. आपण ठिबकच्या अनुदानाला चार हेलपाटे मारले की दमतो.

छोटी: आबांना ग्रुपवर बोलायचंय. ते बोलतील तसं टाइप करते.

"बारा मोटा म्हंजी चोवीस बैलं. गाईड म्हणला, लई भारी बांधकाम हाय. हाय की. पर चोवीस बैलांची वैरण कोण आणीत हुतं, त्ये न्हाई सांगितलं त्येनं. मोटा लावायच्या जागा हायत अजून. मी एका जागी हुबा राहिलो. आपल्या हिरीवर धाव उगवतीकडनं हुती. बैलं खाली जाताना मोट वर, बैलं मागं सरताना मोट खाली. मागं सरायला शिकवलेलं बैल सोन्यासारखं. पुढं तर समदीच जात्यात."

बापूकाका पुणे: वा आबा! थारोळ्यात मोट रिकामी झाली की आवाज पार वेशीपर्यंत यायचा. मी शाळेच्या वाटेवर ऐकायचो.

आत्या सोलापूर: तू शाळेत, मी दारं धरायला. 😄 वाफा भरला की बारं फोडायचं, नाहीतर आबांची शिवी.

१३ मे

दादा: सकाळी प्रतापगड झाला. चिरंजीव नुकतेच चौथी पास, शिवाजी महाराजांचं पुस्तक तोंडपाठ. गाईडनं वधाची तारीख चुकीची सांगितली तर सगळ्यांसमोर "१० नोव्हेंबर १६५९!" म्हणून ओरडला. गाईडनं पुढं त्यालाच बोलायला लावलं आणि स्वतः ताक प्यायला गेला. आंबेनळी घाटात मात्र याला तीन वेळा उलटी.

छोटी: महाडला मुक्काम. संध्याकाळी चवदार तळ्यावर जाऊन आलो. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी इथलं ओंजळभर पाणी प्यायलं. तळं सार्वजनिक असून प्यायला बंदी होती. आबा, आपल्या विहिरीवर सगळ्यांना पाणी भरू द्यायचे का?

छोटी: आबा शेजारीच बसलेत. ऐकू आलं नाही असं दाखवतायत.

बापूकाका पुणे: बाळा, फार जुन्या गोष्टी आहेत त्या.

आत्या सोलापूर: जुन्याच बघायला गेलीत ना पोरं?

आत्या सोलापूर: नव्हते भरू देत. वरच्या पायरीला उभं राहून वरून ओतायचं, त्यांनी खाली घागर धरायची. आई ओतायची, पुढं मीही ओतलंय. दहा-अकरा वर्षांची असेन. घागर भरायच्या आत माझा हात दुखला की मी थांबायचे आणि ती बाई खाली तशीच वाट बघत बसायची. तिचं नाव आठवत नाही, हात आठवतात.

वहिनी: आत्या 🙏

१४ मे

वहिनी: रायगड! आम्ही पायऱ्यांनी, आबा रोपवेनं. रोपवेचं खालचं स्टेशन हिरकणीवाडीत आहे. वर बुरुजावर गाईडनं गोष्ट सांगितली. दूध विकायला आलेली हिरकणी, संध्याकाळी दरवाजे बंद, घरी तान्हं बाळ, मग कडा उतरून गेली. सगळे बाळाचं नाव काढून हळहळत होते. मी विचारलं, त्या संध्याकाळच्या धारा कोणी काढल्या? तो हसला. मी चेष्टा करत नव्हते. दूध विकणारीच्या घरी गोठाही असणार ना! तेवढ्यात पोराचा फोन, म्हशीनं बादली लाथाडली. साडी नेसूनसुद्धा.

मी: नेसला शेवटी? फोटो पाहिजे.

वहिनी: भाऊजी, आईशप्पथ घेऊन नेसलाय तो. फोटो नाही.

दादा: भर उन्हाळ्यात गंगासागर तलावात पाणी आहे. एवढ्या उंचीवर. जगदीश्वराच्या पायरीवर 'सेवेचे ठायी तत्पर हिरोजी इंदुलकर' कोरलेलं वाचलं. गड बांधणाऱ्यानं नाव लिहिलं तेही पायरीवर, लोकांच्या पायाखाली.

बापूकाका पुणे: रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात सांगितलंय, आधी पाणी बघा, मग किल्ला बांधा. पाणी नसेल तर खडक फोडून टाकी करा. बांधकामाला दगडही निघतो आणि टाकंही होतं.

दादा: काका, हे तुम्ही लिहिलंत ते बरं झालं. घरी आल्यावर बोलू.

१७ मे

वहिनी: पोचलो परवा. म्हशीनं दोन दिवस मला जवळ येऊ दिलं नाही, रुसलीय. सातचं चार लिटर झालंय. गाई मात्र जणू आम्ही गेलोच नव्हतो.

बापूकाका पुणे: 📷 शुभ सकाळ. आमच्या अंगणातलं कमळ, आज पहिलं फूल 🪷

आत्या सोलापूर: छान.

२० मे

दादा: विषय काढतो. मळ्यातली जुनी विहीर साफ करायची. गाळ उपसणाऱ्या यारीवाल्याशी बोललोय, आठ-दहा दिवसांचं काम म्हणतोय. सातबाऱ्यावर विहीर सामाईक आहे म्हणून सगळ्यांना विचारतोय.

बापूकाका पुणे: अरे, गेल्या वर्षी आपण ती बुजवून गोठ्याला रस्ता काढायचं बोललो होतो.

दादा: तुम्ही बोलला होता काका. मी गप्प होतो.

बापूकाका पुणे: सहलीचा अंमल आहे हा. महिनाभरात उतरेल. तोच पैसा बियाण्याला, खताला लाव.

दादा: दोन बोअर घेतले. पहिल्याला साडेपाचशे फुटांवर धूळ, दुसऱ्याला जानेवारीपर्यंत पाणी. त्या पैशात ही विहीर दोनदा साफ झाली असती. वीस वर्षं आपण तिच्यात काय टाकलं ते आज आत उतरून बघितलं. ठिबकच्या जुन्या नळ्या, मल्चिंगचा कागद, औषधाच्या बाटल्या, गणपतीचं मखर. लिंबच्या विहिरीला तीनशे वर्षं झाली, तिच्यात पाणी आहे. आपली आबांच्या हयातीत उकिरडा झाली. बांधकाम एका बाजूनं ढासळलंय, बाकी चिरे जागच्या जागी आहेत.

मी: दादा, माझा हिस्सा मी पाठवतो.

आत्या सोलापूर: माझाही घे.

बापूकाका पुणे: ताई, तुझं नाव कुठं आहे सातबाऱ्यावर? तू हक्कसोड केलंय.

आत्या सोलापूर: जमिनीचं सोडलंय. त्या पायरीचं नाही.

छोटी: आबा बोलतायत:

"बहात्तरच्या दुष्काळात ती हीर आमी खोल केली. दिसा रोजगार हमीवर खडी, रातच्याला कंदील लावून हीर. बापू, तू त्यावेळी सुकडी खाऊन झोपायचास, तुला काय म्हाईत. बुजवायची आसंल तर मला आदी आत घाला."

बापूकाका पुणे: आबा, असं बोलू नका. करा साफ. पाठवतो मीही.

२ जून

दादा: गाळ काढून झाला. बत्तीस ट्रॉल्या. वरचे प्लास्टिकचे थर वेगळे काढले, खालचा गाळ वरच्या माळाच्या पट्टीत पसरला. तळाला पश्चिमेकडून झरा आहे, बोटाएवढा. बादली ठेवली की भरते. लई नाही. पण जूनच्या तोंडाला आहे.

वहिनी: 📷 सोयाबीनची उगवण बघितली. गोणपाटात शंभर दाणे, ७८ उगवले. घरचंच बी चालेल. म्हैस सहावर आली.

मी: वरती मृग येतोय. पेरणी कधी?

दादा: घाई नाही. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय चाड्यावर मूठ नाही. गेल्या वेळी पहिल्या सरीला पेरलं आणि दुबार पेरणी झाली. एक विचारायचं राहिलं. थारोळ्याशेजारी बैलांना पाणी प्यायला दगडी डोणी होती. आबा म्हणतात एकाच दगडात कोरलेली, त्यांच्या आजोबांनी आणलेली. गाळात नाही, बांधावर नाही. कोणाला माहितीय?

आत्या सोलापूर: मी बघितलीय लहानपणी. एका कडेला टवका उडालेला. आबांच्या पहारीनं.

छोटी: थांबा थांबा.

छोटी: बापूआजोबांचा १७ तारखेचा फोटो मोठा करून बघा. कमळ बघू नका. खाली बघा, डाव्या कडेला.

मी: 😳

आत्या सोलापूर: बापू?

आत्या सोलापूर: निळ्या टिका झाल्यात बापू.

बापूकाका पुणे: अरे, बंगल्याच्या वास्तुशांतीला आलो होतो त्या वर्षी, बांधाला पालथी पडली होती. कोणाच्या उपयोगाची नव्हती. टेम्पो रिकामा परत चालला होता म्हणून घातली. आबांना सांगायचं राहून गेलं.

छोटी: आबा फोटो बघतायत. चष्मा पुसला. परत बघतायत.

बापूकाका पुणे: आता त्यात कमळ रुजलंय, मासे आहेत.

छोटी: आबा: "कमळासकट आन."

दादा: काका, शनिवारी मी मार्केट यार्डात येतोय. पिकअप परतताना रिकामीच असते. मासे कॅनमध्ये भरून ठेवा.