गटोपचारात एकच जण बोलतो, बाकीचे गप्प. काय करावं?

मानसोपचारासाठी ८ जणांचा बंद गट आहे (मध्येच नवे सदस्य घेत नाही), आठवड्याला ९० मिनिटं. तिसऱ्या बैठकीपासून निम्मा वेळ एकाच सदस्याचा जातो. बाकीचे बोललेच तर सल्ले देऊन मोकळे होतात. कोणी रडलं की लगेच टिश्यू पुढे!

उत्तर १
त्या बोलणाऱ्या सदस्याला गप्प करू नका, गटाला विचारा: "हे बोलत असताना तुमच्या मनात काय चाललं होतं?" सतत बोलणं ही बऱ्याचदा भीती झाकायची युक्ती असते. आणि बाकीच्यांचीही सोयच होते की, स्वतःचं काही उघडावं लागत नाही. बोलणाऱ्यालाही तपशिलाच्या मध्येच थांबवून विचारा, "आत्ता इथे कुणाकडून काय हवंय?" हे चौथ्या-पाचव्या बैठकीपर्यंत करा, उशीर झाला की चीड साठते आणि माणसं न सांगता गळतात.

उत्तर २
टिश्यूचा डबा मध्ये ठेवा, ज्याला हवा तो घेईल. हातात कोंबला की "आता पुरे" असाच अर्थ पोचतो. सल्ल्यांचंही तेच. "तू असं कर" ऐवजी "ऐकताना माझ्या छातीत धस्स झालं" असं बोलायला शिकवा. सुरुवातीला अवघडल्यासारखं वाटतं, वाटू द्या.

उत्तर ३
मुळात प्रत्येकाची आधी स्वतंत्र मुलाखत झाली होती का? गोपनीयता, गैरहजेरी, गट सोडायचा असेल तर एका बैठकीत येऊन सांगणं, हे तिथेच ठरतं. तीव्र आत्महत्येचे विचार असलेल्याला आधी वैयक्तिक उपचार. शेवटची १० मिनिटं नवा विषय नको, उघडी जखम घेऊन कुणी घरी जाऊ नये.