अभिनेत्रीच्या कामाबद्दल ‘अप्रतिम’च्या पुढे काय लिहावं?

लातूरकर_प्रेक्षक
राज्य नाट्य स्पर्धेतल्या नाटकांवर स्थानिक दैनिकासाठी ३०० शब्दांत लिहायचं असतं. नटीच्या वाट्याला दोन ओळी येतात आणि त्याही ‘भूमिकेला पुरेपूर न्याय दिला’वर संपतात. काम चांगलं झालं हे नेमकं कशावरून ओळखायचं? प्रयोग एकदाच बघायला मिळतो.

रंगपीठ_संभाजीनगर
‘न्याय दिला’ हे कुठल्याही नटीला चिकटतं, ते आधी काढा. सगळं नाटक कवेत घेऊ नका, एक प्रवेश धरा. ‘चारचौघी’ नाटकातला विद्याचा फोन घ्या (लेखक प्रशांत दळवी, दिग्दर्शक चंद्रकांत कुलकर्णी, जोडी आमच्याच संभाजीनगरची). १९९१ मध्ये वंदना गुप्ते, २०२२ च्या पुनरागमनात मुक्ता बर्वे. पलीकडचा माणूस ना दिसतो, ना ऐकू येतो. त्याची वाक्यं नटीच्या पॉजमध्ये उभी राहतात. कच्ची नटी सगळे पॉज सारखेच घेते, की लगेच कळतं रिसीव्हरमध्ये कुणी नाही. जाणती नटी कुठे समोरच्याला अर्ध्यात तोडते, कुठे ऐकता ऐकताच तिची मान ताठ होते, शब्द नंतर येतो. परीक्षणात ही जागा लिहा: कोणत्या वाक्याआधी थांबली आणि त्यानं अर्थ कसा फिरला. विशेषण आपोआप अनावश्यक ठरतं.

विंगेतून_नांदेड
सरांचं बरोबर, पण संहिता आधी वाचा. नाहीतर लेखकाच्या वाक्याला पडलेली टाळी नटीच्या नावावर जमा होते.
लांब स्वगतात चढ कुठे ठेवलाय ते बघा. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मध्ये (१९६७, नायिका बेणारे: सुलभा देशपांडे) शेवटच्या स्वगताला बाकीची पात्रं गोठलेली असतात, टेकू द्यायला कुणी नाही. स्पर्धेत हे स्वगत करणाऱ्या बऱ्याच मुली पहिल्याच मिनिटाला वरच्या पट्टीत जातात, मग पुढे नुसता आरडाओरडा उरतो आणि घसा बसतो. मध्ये एखादी ओळ सहज, गप्पा मारल्यासारखी सोडणारी नटी दिसली तर तेवढ्यावर एक परिच्छेद लिहावा.
आणि ‘डोळ्यांत पाणी आलं’ हे कौतुक नव्हे. पाचव्या-सहाव्या रांगेपलीकडे ते दिसतही नाही. तिथवर पोचतात खांदे, पाठ, श्वास.

लातूरकर_प्रेक्षक
आणि आवाज मागे पोचला नाही तर? नवख्या मुलीला झोडपायचं का?

रंगपीठ_संभाजीनगर
आधी कारण शोधा. टांगलेल्या माइकखालून ती बाजूला सरकली की सगळ्यांचाच आवाज पडतो. तो दोष हालचाली बसवणाऱ्याचा. वाक्याची सुरुवात ऐकू येते आणि शेवटचं क्रियापद गिळलं जातं, तेव्हा मात्र श्वास तिचाच कमी पडतोय. तसंच लिहा, झोडपणं होत नाही.

बोली_धाराशिव
इथल्या परीक्षणात बोली हमखास सुटते. ‘काय करायलास?’ असं लातुरी हेलात सुरू करून पुढच्याच वाक्यात ‘न्हवं’ म्हणत कोल्हापूर गाठणाऱ्या नटीला ‘अस्सल ग्रामीण बाज’ म्हणून शाबासकी मिळते! राग आल्यावर हेल टिकतो का, तेवढं बघा. पाठ केलेली बोली तिथंच सुटते.

विंगेतून_नांदेड
टिपणं अंधारात लिहू नका, नजर हटली की जागा गेली. एकेक शब्द खरडा, मध्यंतरात वाक्यं करा.