लाच न देता सरकारी काम झालं का? तुमचा अनुभव लिहा

आबा गेल्यावर वारस नोंदीसाठी मी सहा महिने हेलपाटे घालतेय. फेरफार नोटिशीची 15 दिवसांची मुदत केव्हाच संपली, हरकत कोणाचीच नाही, तरी "वरचं बघावं लागेल" हेच ऐकते. पैसे दिलेले नाहीत. पण रात्री वाटतं, देऊन मोकळं व्हावं. कायदा सांगणारे पुष्कळ भेटले, तो वापरून काम करून घेतलेलं कुणी भेटलं नाही. लोकसेवा हक्क कायदा (ठरल्या मुदतीत सरकारी सेवा मिळण्याचा), माहिती अधिकार, लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा 1064 हा फोन नंबर, यातलं तुम्ही स्वतः काय वापरलंत? फसलं असेल तर तेही लिहा. कार्यालयाचं किंवा माणसाचं नाव मात्र नको.

•

ताई, लाच घेताना पकडायला लावलेल्या सापळ्यातला मी तक्रारदार होतो. जमीन मोजणीसाठी पंधरा हजार मागितले, तडजोडीअंती दहा. 1064 वर फोन केला. लगेच धाड पडेल असं वाटलं होतं, तसं नसतं. आधी पडताळणी होते. खिशात रेकॉर्डर, सोबत सरकारी पंच. मला बजावलं होतं, "तुम्ही स्वतःहून पैसे पुढे करायचे नाहीत, त्यानं मागू दे." दुसऱ्या दिवशी माझ्याच नोटांना पावडर लावली, त्यांचे नंबर पंचनाम्यात लिहिले. त्यानं पैसे घेतल्यावर मी ठरल्याप्रमाणे डोक्यावरून हात फिरवला. सोड्याच्या द्रावणात त्याची बोटं बुडवली तेव्हा पाणी गुलाबी झालं. तो रंग अजून डोळ्यांसमोर आहे.

मोजणी झाली, पैसेही परत मिळाले. जड गेलं ते पुढचं. तीन वर्षांनी साक्षीला बोलावलं, उलटतपासणीत दोन तास उभा होतो. गावात लोक म्हणायचे, त्याच्या पोराबाळांचा तरी विचार करायचास. माझ्या पोरांचा विचार कुणी केला होता? निकाल अजून लागलेला नाही. तरी पुन्हा वेळ आली तर पुन्हा फोन करीन.

•

माझं साधं काम होतं, मुलीच्या प्रवेशासाठी नॉन-क्रिमीलेयर दाखला. बाहेरच्या एजंटनं दोन हजारांत दोन दिवसांत देतो म्हटलं. मी 'आपले सरकार' या सरकारी पोर्टलवर अर्ज केला. मुदत उलटली तशी लोकसेवा हक्क कायद्याखाली ऑनलाइन पहिलं अपील टाकलं. चौथ्या दिवशी दाखला हातात. कारणाशिवाय उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड होऊ शकतो, हे मला नंतर कळलं. अपील टाकायला घाबरू नका, वकील लागत नाही.

•

सातबाऱ्यासाठी आता कुणाच्या पाया पडावं लागत नाही. 15 रुपये भरले की डिजिटल सहीचा उतारा घरबसल्या मिळतो. माणूस मध्ये नसला की मागणारंच कुणी उरत नाही.

•

मी दिले. आईच्या कुटुंब निवृत्तिवेतनाची फाईल अडली होती आणि तिच्या औषधांना पैसे नव्हते, म्हणून उसने आणून दिले. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातल्या 2018 च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो, पण जबरदस्तीनं द्यावी लागली आणि 7 दिवसांत कळवलं तर संरक्षण मिळतं. मला हे समजलं तेव्हा दीड महिना उलटला होता. हा नियम प्रत्येक खिडकीवर मोठ्या अक्षरांत लावायला हवा.

•

मी स्वतः कारकून आहे, सोळा वर्षं झाली. आमच्याकडे एकेकावर तीन टेबलांचं काम आहे, प्रत्येक उशीर पैशांसाठी नसतो. पण कोणता उशीर मुद्दाम केलेला आहे, हे आम्हाला आतून कळतं. धागा काढणाऱ्या ताईंना एवढंच सांगतो, तोंडी विचारू नका. लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घेतल्याशिवाय हलू नका. सरकारी कर्मचाऱ्यांच्या बदल्या आणि कामातला विलंब यांबद्दलच्या 2005 च्या राज्य कायद्यानुसार एका टेबलावर फाईल साधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये. अर्जात तो कायदा लिहा. मग महिनाभरानं माहिती अधिकारात विचारा, फाईल कोणत्या तारखेला कुणाच्या टेबलावर होती. दहा रुपयांचा अर्ज आहे, पण त्याचं उत्तर सहीनिशी द्यावं लागतं.

•

दादा, सहा महिन्यांत माझ्याकडे एकही पोच नाही, हे तुमचं वाचून लक्षात आलं. सोमवारी दोन प्रती घेऊन जाते. आवक क्रमांक मिळाला की इथेच लिहीन.