रियाज असूनही हात थरथरतात

वर एकांनी लिहिलंय की रियाज पक्का असेल तर मंचावर भीती वाटतच नाही. मला हे पटत नाही. व्लादिमिर होरोविट्झ हा पियानोवादक १९५३ ते १९६५ अशी बारा वर्षं जाहीर मैफलींपासून दूर राहिला, मंचाच्या भीतीने तो अनेकदा ग्रासलेला असे. त्याचा रियाज कमी होता का?

धडधड, गार पडलेली बोटं, कोरडा घसा हे सगळं अ‍ॅड्रेनलिन या, घाबरल्यावर शरीरात सुटणाऱ्या संप्रेरकाचं काम. ते दाबायला गेलं की लक्ष त्यातच अडकतं. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अ‍ॅलिसन वुड ब्रूक्स यांच्या प्रयोगात, गाण्याआधी ‘मी उत्साहात आहे’ म्हणणारे लोक ‘मी घाबरलोय’ म्हणणाऱ्यांपेक्षा अचूक गायले. (शांत हो, शांत हो असं बजावणं मला तरी कधीच उपयोगी पडलेलं नाही.)

चूक झाल्यावर काय करायचं, हा खरा प्रश्न. घरी आपण चुकलो की थांबतो, मागे जातो, आणि हीच सवय मंचावर घात करते. म्हणून आठवड्यातून एकदा तरी, काहीही झालं तरी न थांबता पूर्ण रचना वाजवा. शिवाय ती मधल्या चार-पाच ठिकाणांहून सुरू करता आली पाहिजे. मग धागा तुटला तरी पुढचा टप्पा हाताशी असतो.